कानाच्या पडद्याला ठिगळ : पाऊणशे वर्षांचा विलंब

फाटलेल्या कानाच्या पडद्यावर त्वचेचा तुकडा लावून भोक बुजवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया सन १८७८ मध्ये झाली. मात्र ऐकू यावे म्हणून मध्यकर्णाची पद्धतशीर दुरुस्ती करण्याची शस्त्रक्रिया जगाने स्वीकारली ती १९५३ नंतर. मध्ये तब्बल पंचाहत्तर वर्षे गेली. भोक बुजवता येते हे ठाऊक असूनही ते बुजवले का गेले नाही? हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकाचा नाही. ज्या मुलाचा कान वर्षानुवर्षे वाहतो, ज्याला मागच्या बाकावरून फळ्याजवळचे बोलणे नीट ऐकू येत नाही आणि म्हणून ज्याला 'लक्ष नसते' असा शेरा मिळतो, त्याच्या दृष्टीने ही पाऊणशे वर्षे फार महत्त्वाची आहेत. ती कशात गेली ते आपण पाहू.

पडदा करतो काय?

आधी थोडे भौतिकशास्त्र. आपल्या अंतर्कर्णात, म्हणजे शंखासारख्या वेटोळ्या कर्णावर्तात, द्रव भरलेला असतो. आवाज मात्र येतो हवेतून. हवेतली ध्वनिलहर द्रवाच्या पृष्ठभागावर आदळली की तिच्यातली सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. विहिरीत बुडी मारलेल्याला काठावरच्या हाका जवळजवळ ऐकू येत नाहीत, त्याचे कारण हेच. हा तोटा भरून काढण्याचे काम मध्यकर्ण करतो.

कानाच्या पडद्याचा प्रत्यक्ष कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर असतो. या पडद्याला हातोडी, हातोडीला ऐरण आणि ऐरणीला रिकीब अशी तीन हाडांची साखळी जोडलेली असते. रिकिबीचा तळ अंतर्कर्णाच्या अंडाकृती गवाक्षात बसतो. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम ३.२ चौरस मिलिमीटर असते. मोठ्या पृष्ठभागावर जमा झालेले बल लहान पृष्ठभागावर पडले की दाब वाढतो. टाचणीचे टोक कागदातून सहज का जाते ते आपण मुलांना असेच समजावतो. येथे ही वाढ सुमारे १७ पट होते. हातोडी व ऐरण यांच्या तरफेमुळे आणखी १.३ पट लाभ मिळतो. एकूण दाब सुमारे २२ पट वाढतो. डेसिबलच्या भाषेत हा लाभ सुमारे २७ डेसिबल आहे.

पडद्याचे दुसरे काम कमी परिचित आहे. अंतर्कर्णाला दोन गवाक्षे असतात. रिकीब अंडाकृती गवाक्षातून द्रव आत ढकलते, तेव्हा खालच्या वर्तुळाकार गवाक्षावरचा पातळ पापुद्रा बाहेर फुगतो. द्रव दाबला जात नसल्यामुळे त्याला हलायला अशी वाट लागतेच. आता पडदाच नसेल आणि आवाज दोन्ही गवाक्षांवर एकाच वेळी सारखाच आदळला, तर दोन्ही बाजूंचे दाब एकमेकांना मारक ठरतात व द्रव जेमतेम हलतो. म्हणून वर्तुळाकार गवाक्षाला आवाजापासून आडोसा देणे, हेही पडद्याचेच काम आहे.

कूपर यांचे कोडे

हे सारे ठाऊक नव्हते त्या काळात पडद्याविषयी समज साधा होता. पडदा गेला की श्रवण गेले, असे बहुतेक मानत. सन १८०० मध्ये लंडनच्या ॲस्टली कूपर या शल्यविशारदांनी रॉयल सोसायटीला एक निबंध सादर केला. ज्यांच्या पडद्यांना मोठी भोके आहेत किंवा ज्यांचा एक पडदा जवळजवळ नाहीसाच झाला आहे अशा माणसांना बऱ्यापैकी ऐकू येते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी युस्टेशियन नलिका बंद झाल्यामुळे ज्यांना ऐकू येत नव्हते, अशा काही रुग्णांचा पडदा त्यांनी मुद्दाम टोचला आणि त्यांना ऐकू येऊ लागले. या कामासाठी रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले.

कूपर यांचे निरीक्षण खरे होते. भोक लहान असेल आणि हाडांची साखळी शाबूत असेल तर तोटा थोडा असतो. भोक मोठे असेल तर तो वाढतो. पडदा नाही आणि साखळीही तुटली, असे झाले तर तोटा ५० ते ६० डेसिबलपर्यंत जातो. परंतु मोजण्याचे साधन हाती नव्हते. त्यामुळे 'पडद्यावाचून चालते' एवढाच अर्थ अनेकांनी घेतला. पडदा टोचण्याच्या शस्त्रक्रियेचेही तसेच झाले. ती कोणत्याही बहिरेपणावर सरसकट केली जाऊ लागली, गुण येईना आणि ती बदनाम झाली.

रुग्णांनी शोधलेले ठिगळ

पडद्याचे भोक झाकावे ही कल्पना मात्र जुनी होती. सन १६४० मध्ये मार्कुस बान्त्सर या जर्मन वैद्याने एका लहान नळीच्या तोंडाला डुकराच्या मूत्राशयाची पातळ कातडी ताणून बसवून ती कानात ठेवण्याची युक्ती सांगितली होती. पुढे दोनशे वर्षे तिकडे फारसे कोणी पाहिले नाही.

एकोणिसाव्या शतकात या कल्पनेला पुन्हा चालना दिली ती एका रुग्णाने. सन १८४१ मध्ये लंडनचे कर्णतज्ज्ञ जेम्स यिअर्स्ली यांच्याकडे न्यूयॉर्कहून आलेल्या एका गृहस्थाने आपली युक्ती सांगितली. कागदाची सुरळी थुंकीने ओली करून कानात अगदी आतपर्यंत सरकवली की त्याला स्वच्छ ऐकू येई. यिअर्स्ली यांनी कागदाऐवजी ओल्या कापसाचा बोळा वापरून पाहिला व अनेक रुग्णांना त्याचा उपयोग झाला. सन १८५३ मध्ये जोसेफ टॉयन्बी यांनी रबराची पातळ चकती चांदीच्या तारेला लावून कृत्रिम पडदा तयार केला. रुग्ण तो स्वतःच बसवी आणि काढी.

टॉयन्बी हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी सुमारे दोन हजार कानांचे विच्छेदन करून बहिरेपणाची कारणे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली. कानात सतत होणाऱ्या गुणगुणीवर उपाय शोधताना क्लोरोफॉर्म व हायड्रोसायनिक आम्ल यांची वाफ स्वतःवर आजमावत असताना १८६६ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. विख्यात इतिहासकार आर्नल्ड टॉयन्बी हे त्यांचे नातू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टनच्या क्लॅरेन्स ब्लेक यांनी कागदाची बारीक चकती थेट पडद्याच्या भोकावर चिकटवण्याची पद्धत रूढ केली. याच ब्लेक यांनी १८७४ मध्ये बहिऱ्या मुलांच्या एका शिक्षकाला मृतदेहातील कान मिळवून दिला होता. आवाजाच्या लहरी कागदावर उमटवून त्या मुलांना दाखवाव्यात, अशी त्या शिक्षकाची धडपड होती. त्याने त्या कानाच्या हाडाला गवताची काडी जोडली आणि पडद्यापुढे बोलून काजळी धरलेल्या काचेवर रेघा उमटवल्या. इतका पातळ पडदा त्या मानाने जड हाडे हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही, असा विचार त्याच्या मनात आला. त्या शिक्षकाचे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. पुढे १८७६ मध्ये त्याला टेलिफोनचे पेटंट मिळाले.

भोक आपोआप का बुजत नाही?

कागदाची चकती काही कानांत केवळ झाकणाचे काम करी, तर काही कानांत तिच्याखाली भोक खरोखरच बुजून येई. असे का, हे समजण्यासाठी पडद्याची रचना पाहिली पाहिजे. पडदा सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचा असला तरी त्याला तीन थर असतात. बाहेर त्वचा, मध्ये तंतूंचा थर आणि आत श्लेष्मल अस्तर. बाहेरची त्वचा मध्यापासून कडेकडे सतत सरकत असते, म्हणूनच निरोगी कानातला मळ आपोआप बाहेर येतो. पडदा नुकताच फाटला असेल तर ही त्वचाच प्रथम भोकावर पूल बांधते आणि बहुतेक भोके काही आठवड्यांत बुजतात. पण पू वाहत राहिला आणि भोक जुने झाले की बाहेरची त्वचा व आतले अस्तर भोकाच्या काठावर एकमेकांना येऊन मिळतात. कापडाला शिवलेल्या काठासारखा तो काठ पक्का होतो आणि वाढ थांबते. म्हणून जुने भोक बुजवायचे तर आधी काठ उसवावा लागतो. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर सिल्व्हर नायट्रेट किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल काठाला लावत ते यासाठीच.

बेर्टोल्ट यांचे कलम

आंब्याच्या झाडाला आपण कलम करतो तसे त्वचेचे कलम माणसाला करता येते, हे १८६९ मध्ये पॅरिसच्या रेव्हर्दँ यांनी दाखवले. त्याआधी युरोपला परिचय होता तो त्वचेचा पदर वळवण्याचा. त्याचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्यात कपाळाच्या त्वचेचे नाक बसवले गेले. त्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि तिच्यावरून प्रेरणा घेऊन कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदांनी १८१४ मध्ये तसेच नाक तयार केले. सुश्रुतसंहितेत नाक व कानाची पाळी यांच्या दुरुस्तीचे वर्णन आहे. मात्र ही सारी बाहेरच्या अवयवांची दुरुस्ती होती. कपाळावरचा पदर एका बाजूने जोडलेला राहतो, त्यामुळे त्याला रक्त मिळत राहते. सुमारे अडीच सेंटिमीटर खोल बोळाच्या टोकाशी असलेल्या पडद्यापर्यंत असा पदर न्यायचा कसा? तेथे सुटा तुकडाच हवा.

तो लावला क्योनिग्जबर्गच्या एमिल बेर्टोल्ट यांनी. १८७८ मध्ये त्यांनी पडद्याला चिकटपट्टी लावून तीन दिवस ठेवली, ती काढताना पडद्याचा वरचा थर सोलून निघाला, आणि त्या ताज्या पृष्ठभागावर त्यांनी त्वचेचा तुकडा बसवला. भोक बुजले. या क्रियेला त्यांनी 'मायरिंगोप्लास्टी' हे नाव दिले. त्यानंतर दोनचार जणांनी तसे प्रयोग केले आणि मग सगळे शांत झाले.

जीव की श्रवण?

ही शांतता समजायची असेल तर त्या वेळी वाहणारा कान म्हणजे काय होते, हे आठवले पाहिजे. मध्यकर्ण आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा एक पातळ पत्रा असतो. कानातला पू तो कुरतडून आत गेला की मेंदूच्या आवरणाला सूज येई किंवा मेंदूत गळू होई, आणि रुग्ण बहुधा दगावे. नामवंत साहित्यिक ऑस्कर वाइल्ड यांचा १९०० मध्ये पॅरिसमध्ये मृत्यू झाला तो कानाच्या दुखण्यानंतर झालेल्या मेंदूज्वराने. त्यांचे वडील विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे प्रसिद्ध कर्णतज्ज्ञ होते, हा दैवदुर्विलास.

अशा स्थितीत डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न जीव वाचवण्याचा होता. १८७३ मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्से यांनी कानामागचे हाड कोरून पू काढण्याची शस्त्रक्रिया नीट बसवली. १८९० च्या सुमारास तिचे मूलगामी रूप आले. त्यात कानामागचे हाड, मध्यकर्ण आणि कर्णनलिका यांची मिळून एकच उघडी पोकळी करत. पडद्याचे उरलेसुरले भाग, हातोडी व ऐरण काढून टाकत. जीव वाचे, श्रवण जाई. १९१० मध्ये व्हिएन्नाच्या बोंडी यांनी निरोगी हाडे राखावीत असे सुचवले, पण एकूण विचाराची दिशा तीच राहिली. पू बाहेर पडायला वाट हवी असताना पडद्याचे भोक बुजवणे म्हणजे शत्रूला घरात कोंडून घेणे होते. बेर्टोल्ट यांचे ठिगळ त्या काळाला परवडणारे नव्हते.

तीन वाटा एकत्र येतात

हा अडसर दूर केला प्रतिजैविकांनी. १९४५ च्या सुमारास पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागले. कान कोरडा करता येऊ लागला आणि शस्त्रक्रियेनंतर तो कोरडा राहण्याचा भरवसाही वाढला.

दुसरी वाट दृष्टीची. रिकीब हे आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड, उंची जेमतेम तीन मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी तेथे काम करणे म्हणजे अंधाऱ्या बोळात सुई ओवणे. स्टॉकहोमच्या कार्ल-ओलोफ न्यूलेन यांनी १९२१ मध्ये एका डोळ्याने पाहण्याचा सूक्ष्मदर्शक कानाच्या शस्त्रक्रियेत वापरला. पुढच्याच वर्षी होल्मग्रेन यांनी दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा सूक्ष्मदर्शक आणला. पण खरी सोय झाली ती १९५३ मध्ये. त्सायस कंपनीतील हान्स लिटमन यांनी घडवलेल्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश दृष्टीच्याच रेषेत पडे आणि भिंग व कान यांच्यातले अंतर न बदलता प्रतिमा लहानमोठी करता येई. हातांना आणि हत्यारांना जागा मिळाली.

तिसरी वाट भौतिकशास्त्राची. हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ मध्येच पडदा आणि हाडे यांचे यांत्रिक गणित मांडायला सुरुवात केली होती. पुढे बेकेसी यांनी पडद्याचे व कर्णावर्ताचे कंप प्रत्यक्ष मोजले. १९६१ चे नोबेल पारितोषिक त्यांना कर्णावर्तातील कार्यासाठी मिळाले. श्रवणमापक यंत्रांमुळे कोणाला किती डेसिबल कमी ऐकू येते ते आकड्यात सांगता येऊ लागले.

या तिन्ही वाटा जेथे मिळाल्या तेथे दोन जर्मन डॉक्टर उभे होते, हॉर्स्ट वुलश्टाइन आणि फ्रिट्झ त्सोल्नर. दोघांनी स्वतंत्रपणे काम केले आणि १९५३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनानंतर त्यांची पद्धत जगभर गेली. वुलश्टाइन यांनी तिला 'टिंपॅनोप्लास्टी' म्हटले. 'भोक कसे बुजवू?' या जुन्या प्रश्नाच्या जागी त्यांनी 'या कानात शिल्लक काय आहे, आणि त्यातून दाबवाढ व आडोसा ही दोन कामे कशी करून घेऊ?' असा प्रश्न ठेवला.

त्यांनी केलेले पाच प्रकार पाहिले की हे स्पष्ट होते. पहिल्या प्रकारात हाडे ठीक असतात, फक्त पडदा बसवायचा. दुसऱ्यात हातोडी झिजलेली असते, म्हणून नवा पडदा ऐरणीवर टेकवायचा. तिसऱ्यात हातोडी व ऐरण दोन्ही निकामी असतात, तेव्हा पडदा थेट रिकिबीवर ठेवायचा. गंमत अशी की पक्ष्यांच्या कानात मुळातच एक हाड असते आणि त्यावर त्यांचे उत्तम चालते. चौथ्यात रिकिबीचा फक्त तळ हलता उरलेला असतो. तो उघडा ठेवून पडद्याने वर्तुळाकार गवाक्ष झाकायचे, म्हणजे निदान आडोसा तरी मिळतो. पाचव्यात तळही घट्ट बसलेला असतो, म्हणून अंतर्कर्णाच्या अर्धवर्तुळाकार नलिकेला नवी खिडकी पाडायची.

ठिगळ कशाचे?

तरीही एक अडचण उरली होती. वुलश्टाइन आणि त्सोल्नर यांनी कानामागची त्वचा वापरली. त्वचा आपला स्वभाव सोडत नाही. तिचा कोंडा निघत राहतो, ती ओली होते, चिघळते. सुरुवातीला छान बसलेली अनेक कलमे पुढे पुन्हा फाटली. म्हणून इतर ऊतींचा शोध सुरू झाला. कोणी शिरेचा तुकडा वापरला, कोणी मांडीच्या स्नायूवरचे आवरण. १९५८ च्या सुमारास जर्मनीतल्या हेअरमान यांनी कानाच्या वरच असलेल्या शंखप्रदेशातील स्नायूचे आवरण वापरायला सुरुवात केली. मटण साफ करताना वरून जो पांढरट पातळ पापुद्रा सुटून येतो, तसेच हे आवरण. डॉक्टर त्याला फॅशिया म्हणतात. त्याला रक्त फारसे लागत नाही, त्याचा कोंडा निघत नाही आणि त्याच छेदातून ते हाती येते. मांडवाला बांबूंचा सांगाडा असावा तसा तो राहतो आणि त्यावर बाहेरून त्वचा व आतून अस्तर सरकत येऊन नवा पडदा तयार होतो. आजही जगभर सर्वाधिक वापरले जाणारे ठिगळ हेच आहे. बहुतेक ठिकाणी ते भोकाच्या आतल्या बाजूने लावतात. अनुभवी हातांखाली दहापैकी आठ-नऊ कानांत भोक बुजते. जपानमध्ये २०१९ मध्ये वाढ-घटकात भिजवलेल्या जिलेटिनच्या स्पंजाने, फॅशिया न घेता भोक बुजवण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यातही आधी काठ उसवावाच लागतो.

वर्गात काय करता येईल?

पडदा फाटलेल्या मुलाचा ३० डेसिबल तोटा झाला आहे असे धरा. समोरासमोरचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. ते या मुलाला कुजबुजीसारखे ऐकू येते. मागच्या बाकावर, पंख्याच्या आणि बाहेरच्या गोंगाटात, ती कुजबुजही हरवते. असे मूल शब्दांचे शेवट गाळते, श्रुतलेखनात चुकते, प्रश्न पुन्हा विचारायला लावते. त्याची बुद्धी शाबूत असते, कर्णावर्त शाबूत असते. बिघाड असतो तो फक्त हवेतून द्रवाकडे जाणाऱ्या वाटेवर, आणि ती वाट दुरुस्त होऊ शकते.

हे उच्च माध्यमिक वर्गात नादकाट्याने दाखवता येते. १८५५ मध्ये ॲडॉल्फ रिने यांनी सांगितलेली ही चाचणी आहे. वाजता नादकाटा कानामागच्या हाडावर टेकवा. तेथे आवाज बंद झाला की तो कानासमोर धरा. निरोगी कानाला तो अजून ऐकू येतो, कारण हवेचा मार्ग पडद्यामुळे अधिक कार्यक्षम असतो. पडदा किंवा हाडांच्या साखळीत मोठा बिघाड असेल तर उलट होते. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे.

शिक्षकांनी वाहत्या कानाची नोंद घेतली पाहिजे, कारण घरात 'लहानपणी सगळ्यांचाच कान फुटतो' म्हणून तिकडे दुर्लक्ष होते आणि वर कोमट तेलही घातले जाते. कान वाहत असेल तर तेल घालू नये, पाणी जाऊ देऊ नये आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येणारे पथक ज्या आजारांची तपासणी करते, त्यांत मध्यकर्णाचा दाह आणि श्रवणदोष हे दोन्ही आहेत. पथक येईल तेव्हा अशा मुलांची यादी शिक्षकांकडे तयार असावी.

बेर्टोल्ट यांच्या हाती ठिगळ होते, पण औषध, सूक्ष्मदर्शक आणि गणित नव्हते, म्हणून त्यांच्यानंतर पाऊणशे वर्षे गेली. आज हे सर्व तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी उपलब्ध होऊ शकते. मुलाचा कान आणि शस्त्रक्रियेचे टेबल यांच्यामध्ये आता जो विलंब होतो, तो बहुतेक वेळा कोणाच्याच लक्षात न आल्यामुळे होतो. तो कमी करणे वर्गातून शक्य आहे.